मक्याच्या शेतातली एकतीस मैदानं

ताईने फोनवर यादी सांगितली. रतलामी शेव दोन किलो, जिरावनाची चार पाकिटं, मुगाचे पापड. मग जरा थांबून म्हणाली, "आणि तुझ्यासाठी मोठी टोपी आण. तीन दिवस उन्हात बसायचंय."

मी म्हटलं, "अगं, मी अमेरिका बघायला येतोय."

"तीच दाखवणार आहे," ताई म्हणाली.

ही गोष्ट २०२५ च्या जूनमधली. ताई गेली अठरा वर्षं अमेरिकेत, इंडियाना राज्यातल्या कार्मेल गावात राहते. इंडियानापोलिस शहर संपता संपता हे गाव सुरू होतं. भावोजी तिथे एका औषध कंपनीत आहेत. मी सहा वर्षांनी तिच्याकडे जात होतो. बहिणीला भेटायचं हे खरंच, पण माझं आणखी एक काम होतं.

आमचे चिरंजीव तेव्हा दहावीत होते. सहा वर्षं टेनिस खेळतात आणि बरं खेळतात. आदल्या वर्षी इंदूरमधल्या एका सल्लागार संस्थेने आम्हाला सांगितलं की अमेरिकेतली कॉलेजं टेनिसवर स्कॉलरशिप देतात. व्हिडिओ तयार करायचा, तो प्रशिक्षकांना पाठवायचा, बाकी सगळं ते बघतील. त्यांच्या चकचकीत माहितीपत्रकात सोमदेव देववर्मनचं नाव ठळक अक्षरांत होतं. दीड लाखाचा पहिला हप्ता आम्ही भरला होता. दुसरा ३० जूनला द्यायचा होता आणि त्यासाठी मोडायच्या एफडीचा फॉर्म सही करून माझ्या टेबलाच्या खणात पडला होता. बायको म्हणाली, "जातोच आहात, तर नीट बघून या."

आमच्या घरात खेळावर विश्वास आहे, त्याला कारण आहे. बाबा कबड्डीच्या जोरावर रेल्वेत लागले. रतलामला क्वार्टर मिळालं, ताई आणि मी तिथेच वाढलो, पुढे इंदूरला घर झालं. होळकर महाराजांनी १९२३ साली सी. के. नायडूंना इंदूरला बोलावून आपल्या फौजेत कॅप्टन केलं, ही गोष्ट बाबा अशी सांगायचे जणू नेमणुकीचा कागद त्यांनी स्वतः नेऊन दिला होता. "खेळणाऱ्याला उपाशी मरायला लागत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आमच्या हॉलमध्ये त्यांच्या संघाचा फोटो आहे. बारा जण, पुढे ढाल, बाबा डावीकडून तिसरे.

कार्मेल गाव छान आहे, पण पहिल्या दिवशी डोकं गरगरतं. सिग्नल फार थोडे, आणि दीडशेहून अधिक गोल चौक! अमेरिकेत एवढे चौक दुसऱ्या कुठल्याच गावात नाहीत म्हणतात. एखादा इंदूरकर तिथे स्थायिक झाला, तर प्रत्येक चौकात पोह्याची गाडी लागायला वेळ लागणार नाही. जुन्या मोनॉन रेल्वेचे रूळ उखडून त्या जागी केलेली पायवाट गावातून जाते. सकाळी त्यावर सायकली, बाबागाड्या, धावणारी म्हातारी माणसं. गावच्या हायस्कूलच्या मुलींनी पोहण्याचं राज्य विजेतेपद १९८७ पासून एकही वर्ष सोडलेलं नाही. भावोजींनी हे मला विमानतळावरून घरी येतानाच सांगितलं. अशा गावात मूल नुसतं खेळतं असं कोणी म्हणत नाही, "कुठल्या लेव्हलला खेळतं?" असं विचारतात.

ताईची मुलगी, आमची छोटी, सॉकर खेळते, म्हणजे आपला फुटबॉल. आठ वर्षं एका क्लबकडून खेळत होती. तिची अकरावी नुकतीच संपली होती आणि त्या शुक्रवारपासून तीन दिवस तिच्या क्लबचे सामने होते. साधे सामने नव्हेत, 'शोकेस'. म्हणजे कॉलेजांचे प्रशिक्षक येऊन मुली बघणार. शब्द ऐकून मला आपल्याकडचा बघण्याचा कार्यक्रम आठवला. तो विनोद मी गाडीत केला. ताई हसली नाही.

कार्मेलच्या उत्तरेला वेस्टफील्ड लागतं. घरं विरळ होतात आणि दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन सुरू होतं. जमीन सपाट, माती काळपट. मला क्षणभर देवासच्या रस्त्यावर असल्यासारखं वाटलं. फरक एवढाच, की आपल्याकडे पेरणी पावसाची वाट बघत असते, तर इथे मका गुडघ्याला लागला होता. आपल्या माळव्याला सोयाबीनचं वेड लागलं त्यातही या भागाचा हात आहे, बरं का. साठच्या दशकात जबलपूर आणि पंतनगरच्या कृषी विद्यापीठांनी शेजारच्याच इलिनॉय विद्यापीठाबरोबर या पिकावर काम केलं होतं.

आणि त्या शेतांच्या मधोमध ग्रँड पार्क. चारशे एकर. २०१४ साली वेस्टफील्ड गावाने हे क्रीडासंकुल उभं केलं. सव्वीस मैदानं बेसबॉल आणि सॉफ्टबॉलची, एकतीस सॉकरसारख्या खेळांची. इंडियानापोलिसचा व्यावसायिक फुटबॉल संघ, कोल्ट्स, उन्हाळी सरावाला इथेच येतो. आपलं नेहरू स्टेडियम डोळ्यांसमोर आणा, मग तशी मैदानं एकापुढे एक नजर पोचेपर्यंत मांडा. मध्ये गाड्यांचा सागर. नंबरप्लेटा ओहायोच्या, मिशिगनच्या, इलिनॉयच्या, केंटकीच्या, मिसुरीच्या. प्रत्येक गाडीतून एक घडीची चार चाकी ढकलगाडी निघते. तिच्यात तंबू, खुर्च्या, बर्फाचा डबा, केळी आणि सनस्क्रीन. पालकांनी एका बाजूला बसायचं, संघाने समोरच्या बाजूला. आईबापांनी मैदानातून ओरडून शिकवू नये म्हणून ही सोय आहे. ताई त्या बाजूने ओरडूनही समोर पोचते. रतलामच्या प्लॅटफॉर्मवर कमावलेला आवाज आहे तो.

आमच्या शेजारी मिशिगनहून आलेला एक बाप बसला होता. त्या मोसमातला हा त्याचा चौथा हॉटेलचा शनिवार-रविवार. स्पर्धेचा नियम असा, की बाहेरगावच्या संघांनी आयोजकांनी ठरवलेल्या हॉटेलांतच राहायचं, नाहीतर खेळायला मिळणार नाही. "स्वस्त हॉटेल दोन मैलांवर आहे, पण तिथे राहता येत नाही," तो म्हणाला. तक्रारीच्या सुरात नव्हे, हवा गरम आहे असं सांगावं तसं.

प्रशिक्षक लगेच ओळखू येतात. कॉलेजचं चिन्ह असलेला टी-शर्ट, हातात घडीची खुर्ची, गळ्यात ओळखपत्र, मांडीवर मुलींच्या नावांची आणि नंबरांची यादी. ते गोलपोस्टच्या मागे किंवा कोपऱ्यावर बसतात आणि कोणाशी बोलत नाहीत. सगळे पालक मॅच बघत असल्याचं दाखवतात आणि त्या खुर्च्या बघतात. पहिल्या सामन्यात आमच्या मैदानावर चार खुर्च्या होत्या. छोटी बचावफळीत खेळते. तिने दोनदा गोल होता होता वाचवला. एकदा तर समोरच्या धिप्पाड मुलीच्या पायातून चेंडू असा काढला की माझ्या तोंडून "शाब्बास रे पठ्ठे" निघालं. मी खुर्च्यांकडे पाहिलं. चारपैकी तिघं आमच्याच संघातल्या नऊ नंबरच्या मुलीकडे बघत होते. चौथ्याने मध्यंतराला खुर्ची घडी करून काखोटीला मारली आणि तो पुढच्या मैदानाकडे चालू लागला. ताई त्या खुर्चीकडे ती दिसेनाशी होईपर्यंत बघत होती.

"दुसऱ्या हाफला येईल परत," ती म्हणाली.

तो आला नाही.

रात्री ताईने मला एक फाइल दाखवली. कॉलेजांतून छोटीच्या नावाने आलेली पत्रं, ईमेल छापून लावलेली. शंभरेक तरी असतील. 'आम्ही तुझा खेळ पाहिला आहे, तुझ्यात आम्हाला रस आहे, आमच्या तीन दिवसांच्या कॅम्पला ये.' खाली कॅम्पची फी. मी दहा-बारा वाचली आणि मला ओळखीचं वाटायला लागलं. अशाच गोड भाषेतली पत्रं इंदूरला माझ्याही घरी येतात, सल्लागार संस्थेकडून. छोटी अशा पाच कॅम्पना जाऊन आली होती. कॅम्पला दोनशे मुली असतात, भावोजी म्हणाले. भावोजी हिशेबी माणूस. त्यांच्याकडे आठ वर्षांचा खर्च एक्सेलमध्ये आहे: क्लबची फी, गणवेश, हॉटेलं, टेक्सास आणि फ्लोरिडाची विमानं, खासगी शिकवणी, कॅम्प. बेरीज बावन्न हजार डॉलर. ते हे अगदी शांतपणे सांगतात, कारण दुसऱ्या रकान्यात चार वर्षांच्या कॉलेजचा खर्च आहे आणि तो शून्य होणार आहे.

शनिवारी दुपारी दुसरा सामना सुरू झाला आणि पंधराव्या मिनिटाला भोंगा वाजला. आकाश लख्ख होतं, फक्त पश्चिमेला एक निळसर काळी पट्टी. पण वीज जवळ दिसली की सगळ्यांनी गाड्यांत जाऊन बसायचं, आणि शेवटच्या विजेनंतर तीस मिनिटं बाहेर यायचं नाही, असा इथे नियम आहे. पाच मिनिटांत एकतीस मैदानं रिकामी. ताई-भावोजी तंबू गुंडाळायला थांबले, म्हणून मी आणि छोटी आधी गाडीत पोचलो. मग असा पाऊस आला की ते दोघं दुसऱ्याच कोणाच्या तरी गाडीत अडकले.

छोटी मागच्या सीटवर पाय वर घेऊन बसली होती. मी शेवेची पुडी पुढे केली. ती खाता खाता म्हणाली, "मामा, तुला कळतंय ना की मला कोणी घेणार नाहीये?"

मी काहीतरी बोललो. आजच तर सुरुवात आहे, असलं काहीतरी.

"नाही मामा. ऐक." आणि तिने मला नियम समजावून सांगितला. दहावी झाल्यावर १५ जूनपासून पहिल्या विभागाच्या कॉलेजांचे प्रशिक्षक मुलींना थेट फोन करू शकतात. त्याआधी नाही. "मागच्या वर्षी १४ तारखेच्या रात्री आम्ही सगळ्या जाग्या होतो. आमच्या टीममध्ये तिघींना पहिल्याच आठवड्यात फोन आले. मी फोन उशाशी ठेवला होता. आईपण जागी होती, खाली किचनमध्ये. मला लाइट दिसत होता." पाऊस टपावर वाजत होता. "एक वर्ष झालं. आता जागा भरल्यात बहुतेक. मी वाईट नाही खेळत हं. चांगली खेळते. पण माझ्यासारख्या चांगल्या इथे प्रत्येक ग्राउंडवर आहेत."

"मग तुला काय करायचंय?"

"परड्यूला जायचंय. अ‍ॅग्रिकल्चरल इंजिनिअरिंग. तिथल्या टीममध्ये मला घेणार नाहीत, ते मला माहितीये. पण संध्याकाळी हॉस्टेलच्या मुली खेळतात, त्यांच्यात खेळेन. मजा म्हणून."

परड्यू त्यांच्याच राज्यातलं विद्यापीठ, घरापासून तासाभरावर. नील आर्मस्ट्राँग तिथला. मी विचारलं, हे आईला का सांगत नाहीस? ती बराच वेळ खिडकीवरचे ओघळ बघत राहिली.

"मी थांबले तर ते सगळं वाया गेलं असं होईल ना? खेळतेय तोपर्यंत वाया नाही गेलेलं. तू नको सांगू हं, मामा."

मी नाही सांगणार म्हटलं.

रविवारचा सामना ते जिंकले. त्या मैदानावर एकही खुर्ची नव्हती, आणि मी तीन दिवसांत पाहिलेला छोटीचा सर्वांत चांगला खेळ तो होता.

सोमवारी सगळे कामावर गेले. मी बस पकडून इंडियानापोलिस शहरात गेलो. व्हाइट रिव्हर नदीच्या काठी मोठी बाग आहे, बागेतून शहरात जाणारा एक जुना कालवा, त्याच्या काठाने पायवाट. त्याच भागात एनसीएए या संस्थेचं मुख्य कार्यालय आणि शेजारी तिचं संग्रहालय आहे. अमेरिकेतला कॉलेजचा खेळ चालवणारी ही संस्था १९०६ साली सुरू झाली आणि १९९९ पासून या शहरात आहे. आज सुमारे अकराशे कॉलेजं तिची सभासद आहेत आणि पाच लाखांहून जास्त मुलंमुली तिच्या स्पर्धांत खेळतात. म्हणजे ताईच्या स्वयंपाकघरातला तो दिवा ज्या नियमामुळे जळत होता, तो इथे ठरला होता. संग्रहालय देखणं आहे. खाली चोवीस खेळांचं प्रदर्शन, वर जुन्या काळातल्या व्यायामशाळेसारखं बास्केटबॉलचं मैदान. शाळेच्या सहलीला आलेली पोरं त्यावर दंगा करत होती. मी कालव्याच्या काठी बाकावर बसलो, फोन काढला, आणि एक वर्षापूर्वी करायला हवं होतं ते काम केलं. नियम वाचले.

हायस्कूलमध्ये खेळणाऱ्या शंभर मुलांपैकी साधारण दोघांना कॉलेजात खेळासाठी काही ना काही स्कॉलरशिप मिळते. हे कोणी टीकाकार म्हणत नाही, एनसीएए स्वतः सांगते. आणि 'काही ना काही' म्हणजे पूर्ण फी नव्हे. खेळाची स्कॉलरशिप फक्त पहिल्या आणि दुसऱ्या विभागातली कॉलेजं देतात. तिसऱ्या विभागात, जिथे सर्वांत जास्त कॉलेजं आहेत, खेळावर एक डॉलरही मिळत नाही. हार्वर्ड, येलसारखी नावाजलेली आयव्ही लीगची कॉलेजंही खेळावर पैसे देत नाहीत. पहिल्या विभागात मुलींच्या सॉकर संघाला २०२४-२५ पर्यंत जास्तीत जास्त चौदा पूर्ण स्कॉलरशिप देता येत. त्या पंचवीस-तीस मुलींत वाटल्या जात, कोणाला अर्धी, कोणाला पाव, कोणाला नुसता गणवेश. मुलांना तर नऊ पूर्णांक नऊ दशांशच. मुलींच्या जास्त का, तर १९७२ च्या कायद्याने कॉलेजांना मुलींनाही खेळात बरोबरीची संधी देणं भाग पडलं, आणि अमेरिकन फुटबॉलच्या एका संघात पंच्याऐंशी स्कॉलरशिप मुलांकडे जात असल्यामुळे तोल दुसऱ्या खेळांत सांभाळला गेला.

मग मी पुरुषांच्या टेनिसचा आकडा शोधला. साडेचार.

एका संघाला साडेचार स्कॉलरशिप, त्याही तुकड्यांत वाटायच्या. पहिल्या विभागातले पुरुष टेनिसपटू निम्म्याहून जास्त परदेशांतून आलेले, त्यातले बरेच आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळून आलेले. टेनिसमध्ये खेळाडूची पातळी मोजायचा एक आकडा असतो, यूटीआर. चांगल्या संघांतली मुलं बारा-तेराच्या घरात असतात. आमच्या चिरंजिवांचा तेव्हा सात होता. हा आकडा कोणालाही बघता येतो. आमच्या सल्लागारांना तो माहीत नसेल, असं मला वाटत नाही. सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळला आणि २००७ आणि २००८ अशी सलग दोन वर्षं साऱ्या अमेरिकेचा कॉलेज विजेता झाला, हे अगदी खरं. पण त्या माहितीपत्रकात तो असा छापला होता जणू तो त्यांचा गेल्या वर्षीचा विद्यार्थी.

त्याच महिन्यात सगळे नियम बदललेही होते. ६ जूनला एका मोठ्या दाव्यातली तडजोड न्यायालयाने मंजूर केली. कॉलेजं आता खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, आणि ही नवी व्यवस्था स्वीकारणाऱ्या कॉलेजांत स्कॉलरशिपच्या संख्येवरचं बंधन गेलं. त्याऐवजी संघात किती जण असावेत यावर मर्यादा आली: सॉकरला अठ्ठावीस, टेनिसला दहा. मैदानावर पालकांत हीच चर्चा होती. एक म्हणायचा, आता सगळ्यांना मिळणार. दुसरा म्हणायचा, आता शेवटच्या पाच जणी बाहेर पडणार. देण्याची मुभा मिळाली म्हणून कॉलेजाकडे देण्याइतके पैसे आले असं होत नाही, हे मात्र कोणी मोठ्याने म्हणत नव्हतं.

बाकावरून उठण्याआधी मी परड्यूची फी पाहिली. इंडियानातल्या विद्यार्थ्यांना वर्षाला ९,९९२ डॉलर. २०१३ पासून त्यांनी ती वाढवलेली नाही. चार वर्षांचे चाळीस हजारांच्या आत. राहण्या-जेवण्याचा खर्च वेगळा, पण भावोजींच्या रकान्यातली बेरीज बावन्न हजार होती.

तिथे बसल्या बसल्या मला हॉलमधला फोटो आठवला. बारा जण. बाबा जिवंत असताना ते एकेकावर बोट ठेवून सांगायचे, पण आम्ही पोरं बाबांवरच थांबायचो. त्या बारांत रेल्वेत लागलेले दोघंच होते: बाबा आणि त्यांचा एक मित्र. एकाचं सियागंजात किराण्याचं दुकान होतं. एक मिलमध्ये लागला आणि मिल बंद पडल्यावर रिक्षा चालवायला लागला. तो दिवाळीला घरी यायचा, बाबा त्याला आतल्या खोलीत नेऊन पाकीट द्यायचे. दोघांचं प्रमाण बारांत जवळजवळ सतरा टक्के. अमेरिकेपेक्षा आठपट चांगलं. तरीही आम्ही दोघा भावंडांनी लहानपणापासून एकच माणूस पाहिला होता, डावीकडून तिसरा.

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी ताईला माझं सांगितलं. फक्त माझं, छोटीचं नाही. साडेचारचा आकडा, सात आणि बारा, खणातला फॉर्म. म्हटलं, दुसरा हप्ता भरणार नाही.

ताई भांडी डिशवॉशरमध्ये लावत होती. म्हणाली, "इतक्यात हात टेकलेस? बाबांना कोणी म्हणालं असेल का, की तुला नाही मिळणार?"

"बाबांना मिळालं, ताई. फोटोतल्या बाकी दहा जणांचं काय झालं, आठवतंय?"

"ते सोडून देणारे होते."

"रिक्षावाले काका सोडून देणारे होते? बाबाच म्हणायचे, तो माझ्यापेक्षा चांगला रेडर होता."

ताई काही बोलली नाही. भावोजी लॅपटॉपमधून मान वर करून बघत होते. छोटी जिन्यावर कधी येऊन बसली होती ते कोणालाच कळलं नाही. ती तिथूनच म्हणाली, "आई, मला परड्यूला जायचंय. आणि मला क्लब सोडायचाय."

"कधीपासून?" ताईने पाठमोरीच विचारलं.

"मागच्या जूनपासून."

मला वाटलं आता रतलामचा आवाज निघणार. ताईने डिशवॉशर बंद केलं. मी आणलेली पाकिटं ओट्यावरच होती, त्यांच्याकडे बघत उभी राहिली. मग डब्यातून पोहे काढले, चाळणीत घेऊन भिजवले आणि कांदा चिरायला घेतला. रात्रीचे अकरा वाजले होते, भूक कोणालाच नव्हती. चौघांनी पोहे खाल्ले, वरून जिरावन. खाता खाता ताई एवढंच म्हणाली, "फोन माझाही उशाशीच होता त्या रात्री." छोटी तिच्या शेजारी सरकून बसली. भावोजींनी लॅपटॉप मिटला.

सगळं तिथल्या तिथे मिटलं असं समजू नका. दुसऱ्या दिवशी ताई माझ्याशी बोलत नव्हती. क्लबच्या पुढच्या मोसमाची अनामत भरलेली होती, ती गेलीच. निघताना विमानतळावर ती म्हणाली, "तुझं बरोबर असेल, पण तू अजून दोन वर्षं आधी यायला हवं होतंस." मला ते लागलं. कारण दोन वर्षं आधी आलो असतो, तर मीही तिच्या शेजारी बसून खुर्च्याच मोजल्या असत्या.

इंदूरला आल्यावर मी मुलाला गॅलरीत बसवून आकडे सांगितले. त्याने सगळं ऐकून घेतलं. त्याला यूटीआरचं आधीच माहीत होतं. या मुलांना सगळं आधीच माहीत असतं, मंडळी. आपण फी भरत असतो म्हणून ती बोलत नाहीत. त्याने विचारलं, "म्हणजे टेनिस बंद?" मी म्हटलं, नाही, सल्लागार बंद. पहिला हप्ता परत मिळत नाही, ते करारातच बारीक अक्षरांत होतं. एफडीचा फॉर्म मी फाडला. चिरंजीव अजून रोज सहाला उठून खेळायला जातात. मध्यंतरी भोपाळला उपांत्यपूर्व फेरीत हरले आणि चिडून दोन दिवस जेवले नाहीत, म्हणजे खेळातला जीव गेलेला नाही.

छोटी यंदा परड्यूच्या प्रवेशाच्या मागे आहे. शेवटच्या वर्षी ती शाळेच्या संघाकडून खेळली. त्या सामन्यांचे व्हिडिओ मला आले नाहीत. ताईने कॅमेऱ्याचा स्टँड कोणाला तरी देऊन टाकला म्हणे. मात्र दिवाळीनंतर तिने एक गोष्ट मागितली: बाबांच्या संघाच्या फोटोची प्रत, आणि बाराही जणांची नावं. मागच्या बाजूला काही लिहिलेलं नाही. मी सियागंजात जाऊन किराणावाल्या काकांच्या मुलाला भेटलो, रिक्षावाल्या काकांच्या घरी गेलो. नऊ नावं लागली. मागच्या रांगेतला उजवीकडचा दुसरा, पुढे बसलेल्यांतला मधला आणि टोपी घातलेला एक, हे तिघं अजून लागलेले नाहीत. फोटोची प्रत मंडळाच्या कार्यालयात ठेवली आहे. तुमच्या घरात कोणी आजोबा सत्तरच्या दशकात इंदूरला कबड्डी खेळलेले असतील, तर त्यांना एकदा नेऊन दाखवा.